हुकूम आणि हेतू



साहित्याच्या व्यासपीठावर सैन्याचे आणि सॉफ्टवेअर कंपन्यांचे काय काम, अशी शंका आजचा विषय वाचून काहींच्या मनात आली असेल. पण आज आपल्यातले क्वचितच एखादे घर असे असेल, की ज्यातला मुलगा, सून, जावई किंवा नात हैदराबादला, पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहून दूर कुठल्यातरी संगणकाच्या कंपनीत नाही. आपल्या वाडवडिलांनी संस्थानी कचेऱ्यांत, रेल्वेत, पोस्टात नोकऱ्या केल्या. फाइल, टिपणी, शेरा, मंजुरी हे शब्द आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले. नव्या पिढीने ती कचेरी मागे टाकली, असे आपण समजत होतो. काचेची इमारत, टाय न लावणारा साहेब, त्याला नावाने मारलेली हाक, हे सारे पाहून तसे वाटणे साहजिकही होते. पण सुट्टीत घरी आलेली मुले जी तक्रार सांगतात, ती ऐकून जुन्या कारकुनालाही आपले दिवस आठवावेत. चार ओळींचा बदल लिहायला दोन तास लागतात आणि तो लागू करण्याची परवानगी मिळायला तीन आठवडे! दप्तरदिरंगाई हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. दप्तर बदलले, दिरंगाई राहिली.

या दुखण्यावर उपाय शोधताना सैन्याकडे पाहावे, असे सांगितले तर पहिली कल्पना मनात येते ती कडक शिस्तीची. वरून हुकूम सुटावा, खाली तो पाळला जावा, मधे कोणी प्रश्न विचारू नये. आज मला सांगायचे आहे ते याच्या उलट. आधुनिक सैन्यांना दिरंगाईची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली, म्हणून त्यांनी या रोगाचा अभ्यास इतरांच्या आधी केला. त्यातल्या सर्वांत शहाण्या सैन्यांच्या हाती जो उपाय लागला, तो हुकूम वाढवण्याचा नसून हुकूम कमी करून हेतू स्पष्ट करण्याचा आहे.

आधी रोगाची लक्षणे पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे एक गुप्तहेर खाते होते, ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस. आजच्या सीआयएचे ते पूर्वरूप. जानेवारी १९४४ मध्ये या खात्याने एक छोटी पुस्तिका तयार केली. शत्रूच्या ताब्यातल्या देशांतील साध्या माणसांनी, हाती शस्त्र नसताना, शत्रूच्या कामात खोडा कसा घालावा, हे तिच्यात सांगितले होते. यंत्रे कशी बिघडवावीत, गाड्या कशा खोळंबवाव्यात, असे बरेच त्यात आहे. पण शेवटाकडचा एक भाग संस्था आणि कचेऱ्यांविषयी आहे. त्याचा आशय असा: प्रत्येक काम ठरलेल्या वाटेनेच जावे असा आग्रह धरा, वेळ वाचवणारी कोणतीही आडवाट चालू देऊ नका. शक्य ते सगळे विषय समितीकडे पाठवा आणि समितीत पाचांहून कमी माणसे ठेवू नका. ठरावाच्या शब्दरचनेवर घोळ घाला. मागच्या बैठकीत ठरलेला विषय पुन्हा उकरून काढा. घाई नको, सबुरीने घ्या, असा सल्ला सतत देत राहा. ही यादी ऐकताना कोणाला आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक आठवली, तर दोष माझा नव्हे.

हसून झाल्यावर या यादीचा थोडा विचार करावा. यातली प्रत्येक गोष्ट वरून पाहता जबाबदारीची दिसते. समिती नेमणे, शब्द तपासणे, सबुरीने घेणे यांत गैर काय? म्हणूनच हा घातपात करणारा पकडला जात नाही. आणि आपल्या कचेऱ्यांत तर तो करणारा कोणी शत्रूही नसतो. सज्जन माणसेच तो रोज करत असतात.

हे कसे घडते? एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत एके रात्री चुकीचा बदल लागू होतो आणि हजारो ग्राहकांची सेवा बंद पडते. दुसऱ्या दिवशी नियम होतो, की यापुढे प्रत्येक बदलावर वरिष्ठाची सही हवी. पुढच्या वर्षी माहितीच्या सुरक्षेचा काही घोटाळा होतो, मग त्या खात्याची सही. नंतर कायदा खात्याची. प्रत्येक नियमाला जन्माचे कारण असते; मरणाची तारीख मात्र कोणत्याच नियमाला नसते. नियम करणारा दक्ष ठरतो, पण नियम रद्द करणाऱ्याच्या माथी पुढच्या अपघाताचे खापर फुटणार असते. मग तो रद्द करणार कोण? होता होता अशी स्थिती येते, की ज्याला कामाची माहिती आहे त्याला अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याला माहिती नाही. माहिती जिना चढून वर जाते, निर्णय जिना उतरून खाली येतो. या जिन्यावर जो वेळ जातो, त्याचेच नाव दिरंगाई.

हाच जिना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या सैन्याला घातक ठरला. फ्रेडरिक द ग्रेटच्या विजयांवर पोसलेले हे सैन्य त्या काळी कवायतीचा आदर्श मानले जाई. १४ ऑक्टोबर १८०६ या एकाच दिवशी येना आणि आउअरश्टेट या दोन रणांगणांवर नेपोलियनच्या फौजांनी त्याचा धुव्वा उडवला. आउअरश्टेटला तर फ्रेंच सेनापती दाव्हू याचे सैन्य प्रशियाच्या मुख्य सैन्यापेक्षा पुष्कळच लहान होते. दोन आठवड्यांत नेपोलियन बर्लिनमध्ये शिरला. प्रशियाचे सैनिक भित्रे नव्हते. पण त्यांचे अधिकारी वरच्या हुकमाची वाट पाहत उभे होते आणि फ्रेंच अधिकारी समोर दिसेल तसे निर्णय घेत होते.

या पराभवानंतर शार्नहोर्स्ट, ग्नाइझेनाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैन्याची नव्याने घडण सुरू केली. त्यांच्यात क्लाउजेवित्स नावाचा एक तरुण अधिकारीही होता. त्याचा युद्धशास्त्रावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८३२ पासून त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केला. त्यातली घर्षणाची कल्पना फार उपयोगाची आहे. कागदावर सोपी वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात अवघड होते, कारण पाऊस पडतो, निरोप्या वाट चुकतो, माणसे थकतात. हे घर्षण योजना अधिक बारीक आखून नाहीसे होत नाही. उलट योजना जितकी बारीक, तितकी ती लवकर मोडते.

पुढे १८५७ ते १८८८ अशी तीस वर्षे प्रशियाच्या सेनाकार्यालयाचा प्रमुख असलेल्या मोल्टकेने यातून कार्यपद्धती घडवली. वरिष्ठाने काय साधायचे आणि कशासाठी, एवढे सांगावे. कसे साधायचे ते जागेवरच्या अधिकाऱ्यावर सोपवावे. हुद्दा जितका वरचा, तितका त्याचा हुकूम आखूड आणि व्यापक असावा. या पद्धतीला पुढे जर्मनमध्ये आउफ्ट्राग्सटाक्टिक असे नाव पडले. कामगिरी सोपवून लढण्याची रीत, असे आपण म्हणू. मोल्टकेच्या काळी तारायंत्र आले होते. मनात आणले असते, तर राजधानीत बसून प्रत्येक तुकडीला तो हलवू शकला असता. हाताशी तार असूनही त्याने कमी हुकूम देण्याची शिस्त पाळली. दर तासाला अहवाल मागणाऱ्या आजच्या साहेबांनी हा धडा आवर्जून वाचावा. त्या परंपरेत आणखी एक गोष्ट मानली जाई, ती अशी की साधनाची निवड चुकली तर ते क्षम्य, पण हुकमाची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणे अक्षम्य.

आता आपल्या काळातले उदाहरण घेऊ. डेव्हिड मार्के हा अमेरिकी नौदलातला कप्तान. एका अणुपाणबुडीचा ताबा घेण्यासाठी त्याने वर्षभर तिचा अभ्यास केला आणि आयत्या वेळी, १९९९ च्या सुमारास, त्याची नेमणूक झाली ‘सांता फे’ या दुसऱ्याच बनावटीच्या पाणबुडीवर. नौदलात तिची ख्याती फारशी चांगली नव्हती. सुरुवातीच्या एका सरावात पाणबुडी मदतीच्या विजेच्या मोटरवर चालली असताना त्याने वेग वाढवण्याचा एक हुकूम दिला. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने तो तसाच पुढे दिला. सुकाणूवरचा खलाशी गोंधळला, कारण या पाणबुडीच्या मोटरला तो वेगच नव्हता. कप्तानाने अधिकाऱ्याला विचारले, तुम्हाला हे ठाऊक होते का? होते, असे उत्तर आले. मग हुकूम पुढे का दिलात? तुम्ही सांगितले म्हणून!

या उत्तरात सगळ्या दप्तरदिरंगाईचे मूळ आहे. चांगल्या शिस्तीची, हुशार, प्रशिक्षित माणसे एका चुकीच्या हुकमामागे सरळ निघाली होती. मार्केने ठरवले, की आपण हुकूम देणे शक्य तितके थांबवायचे. यापुढे अधिकाऱ्याने परवानगी मागू नये. ‘पाणबुडी पाण्याखाली नेण्याचा माझा इरादा आहे’ असे सांगावे, कोणती तपासणी झाली आणि हे सुरक्षित का आहे, तेही सांगावे. कप्तानाने बहुतेक वेळा फक्त ‘ठीक’ म्हणावे. फरक शब्दांचा वाटतो, पण विचार करण्याचे ओझे त्यामुळे एका माणसाच्या डोक्यावरून सगळ्या पाणबुडीवर वाटले गेले. परवानगी मागणाऱ्याला विचार करावा लागत नाही. इरादा सांगणाऱ्याला करावाच लागतो.

दुसरा बदल आपल्या कचेऱ्यांना अधिक ओळखीचा वाटेल. खलाशाच्या रजेचा अर्ज अनेक सह्यांच्या पायऱ्या चढत उपकप्तानापर्यंत जाई. मार्केने नियमात बदल करून अंतिम मंजुरीचा अधिकार खलाशांच्या थेट वर काम करणाऱ्या अनुभवी नायकांना दिला. त्याबरोबर अट एकच, की पहाऱ्याची पाळी रिकामी राहिली तर जबाबदारीही त्यांचीच. पुढच्या काळात ‘सांता फे’ने तपासणीत उत्तम गुण मिळवले. मार्केने आपला अनुभव ज्या सूत्रात मांडला त्याचा आशय असा, की माहिती अधिकाराकडे नेण्याऐवजी अधिकार माहितीकडे न्या. मघाच्या जिन्याची आठवण ठेवली, की या सूत्राचे मोल कळते.

मात्र एक गोष्ट विसरू नये. अणुभट्टी चालवण्याची पद्धत मार्केने कोणाच्या मर्जीवर सोडली नाही. तेथे नियम अक्षरशः पाळायचेच होते. अधिकार खाली देण्यापूर्वी दोन गोष्टी हव्यात, असे तो सांगतो: कामाचे पक्के ज्ञान आणि ध्येयाची स्पष्टता. या दोन्हींवाचून दिलेला अधिकार म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीत ढकलणे.

ज्ञान आणि स्पष्टता सगळ्यांपर्यंत पोहोचवायची कशी? इराकमध्ये अमेरिकी विशेष दलांचे नेतृत्व करणाऱ्या जनरल स्टॅन्ली मॅक्क्रिस्टलपुढे २००३–०४ मध्ये हाच प्रश्न होता. त्या युद्धाच्या न्याय-अन्यायाचा हिशेब वेगळा आहे; येथे फक्त संघटनेचा प्रश्न पाहू. शत्रूच्या टोळ्या लहान आणि चपळ होत्या, इकडे प्रत्येक खाते आपली माहिती कुलूपबंद ठेवत होते. छाप्याच्या मंजुरीसाठी मॅक्क्रिस्टलला रात्री झोपेतून उठवले जाई. त्याच्या लक्षात आले, की समोर आलेल्या माहितीत आपण बहुधा काहीच भर घालत नाही, फक्त होकार देतो. त्याने दोन गोष्टी एकदम केल्या. मंजुरीचे अधिकार खाली दिले आणि रोज दृक्‌श्राव्य माध्यमातून एक मोठी बैठक सुरू केली, जिच्यात पुढे हजारो माणसे जगभरातून बसू लागली. सगळ्यांना सगळे दिसू लागले, म्हणून सगळ्यांना निर्णय घेता येऊ लागला. दोन वर्षांत कारवायांचा वेग कित्येक पटींनी वाढला. यात क्रम महत्त्वाचा आहे. समान माहिती नसेल, तर वाटलेले अधिकार म्हणजे नुसता गोंधळ.

हे तत्त्व सॉफ्टवेअरच्या जगात किती खरे आहे, हे अमेरिकेतच २०१३ मध्ये दिसले. आरोग्य विमा नसलेल्या लोकांना तो घेता यावा म्हणून सरकारने हेल्थकेअर डॉट गव्ह हे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू केले. पहिल्या दिवशी त्यावरून नोंदणी पूर्ण करू शकलेली माणसे होती सहा. पन्नासहून अधिक ठेकेदार कंपन्या त्यावर काम करत होत्या, पैसा अमाप होता. पण सगळ्याला मिळून जबाबदार असा एकही माणूस नव्हता. संकेतस्थळ चालू आहे की बंद, हे एका नजरेत दाखवणारा फलकसुद्धा नव्हता. प्रत्येक कंपनी आपल्या करारापुरते काम चोख झाल्याचे सांगत होती. कागद पूर्ण, काम शून्य.

मग बाहेरून काही अनुभवी अभियंते बोलावले गेले. त्यांच्यातल्या मिकी डिकरसन याने रोज दोनदा उभ्या-उभ्या बैठक घ्यायला सुरुवात केली आणि तीन नियम घातले. बैठक अडचण सोडवण्यासाठी आहे, दोष ढकलण्यासाठी दुसऱ्या पुष्कळ जागा आहेत. बोलायचे ते ज्याला विषय सर्वांत जास्त कळतो त्याने, सर्वांत वरच्या हुद्देदाराने नव्हे. आणि चर्चा फक्त पुढच्या एक-दोन दिवसांत ज्याने नुकसान होईल त्याची. डिसेंबरच्या आरंभी संकेतस्थळ बहुतेकांसाठी नीट चालू लागले. एप्रिल २०१४ पर्यंत या आणि राज्यांच्या संकेतस्थळांवरून मिळून ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी विम्यासाठी नोंदणी केली होती. अभियंते बाहेरून आले असले, तरी दुरुस्ती करणारे बहुतेक हात पूर्वीच्याच ठेकेदार कंपन्यांचे होते. त्यांच्यात बदलले ते एवढेच, की जाणकाराला बोलता येऊ लागले. एखाद्या आजारी माणसाला विमा मिळणे किंवा न मिळणे हे अशा बैठकीच्या रीतीवर अवलंबून असते, म्हणून हा विषय केवळ व्यवस्थापनाचा राहत नाही.

येथपर्यंत ऐकून वाटेल, की अधिकार वाटून टाकले की काम झाले. या समजाला आपल्याच इतिहासात उत्तर आहे. इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास, वडोदरा येथे आपली घरे वसली, ती अधिकार खाली दिल्यामुळेच. पुण्याहून माळव्यात आणि गुजरातेत प्रत्येक गोष्टीला हुकूम पाठवणे शक्य नव्हते. शिंदे, होळकर, पवार, गायकवाड यांनी जागेवर निर्णय घेतले, म्हणून मराठी सत्ता इतकी दूर पोहोचली. जोवर सगळ्यांचे उद्दिष्ट एक होते, तोवर ही रीत अजोड ठरली. १७९५ मध्ये खर्ड्याला हे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र लढले, ते शेवटचे. १८०२ च्या दिवाळीत पुण्याजवळ यशवंतराव होळकरांची फौज शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेवर चालून गेली. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले, आणि ते लढले तेव्हा एकटे पडले. शौर्य तेच होते, स्वातंत्र्यही तेच. नाहीसा झाला होता तो समान हेतू. ज्या कंपनीत प्रत्येक गट आपापल्या आकड्यांसाठी झुंजतो, तिथे हेच लहान प्रमाणावर घडते. हेतू हरवला, की स्वातंत्र्याची सुभेदारी होते.

मग आपल्या घरातल्या मुलांनी यातून काय घ्यावे? कोणी गटप्रमुख असेल, तर त्याने काम सोपवताना कारण सांगावे, कारण कारण कळलेला माणूस वाट बंद झाली तर दुसरी शोधतो. निर्णयांचे दोन ढीग करावेत. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २०१५ सालच्या भागधारकांच्या पत्रात दारांची उपमा दिली आहे: काही दारांतून परत फिरता येते, काहींतून येत नाही. परतीचे दार असलेले निर्णय खालच्या माणसाला पटकन घेऊ द्यावेत. सह्या आणि समित्या परत न येणाऱ्या दारांसाठी राखाव्यात. संस्था अडखळतात, कारण त्या सगळ्याच दारांवर सारखा पहारा बसवतात. नवा नियम करताना त्याचे कारण आणि मुदत त्यातच लिहावी; मुदत संपली की तो आपोआप गळावा आणि हवा असेल त्याने पुन्हा मागावा. म्हणजे नियम काढण्याचे धैर्य कोणाला गोळा करावे लागणार नाही.

आणि जो सर्वांत खालच्या पायरीवर आहे, त्यालाही वरच्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ‘साहेब, काय करू?’ याऐवजी ‘अमुक तपासले आहे, धोका एवढा आहे, म्हणून उद्या अमुक करणार आहे’ असे तो उद्यापासून लिहू शकतो. वरिष्ठाला नाही म्हणण्याची मोकळीक राहते; पण आता नाही म्हणण्यासाठी त्याला कारण द्यावे लागते.

सैन्याचा आदर्श डोळे मिटून घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. कागदांचे सर्वांत मोठे डोंगर सैन्यांच्याच मुख्यालयांत असतात. कंपनी म्हणजे रणांगण नव्हे; युद्धाची भाषा वापरून मुलांना रात्र-रात्र राबवणारे साहेब सैन्याकडून चुकीचा धडा शिकले आहेत. अधिकार वर ठेवून फक्त दोष खाली पाठवणे, ही तर जुनी दप्तरदिरंगाईच, नवा गणवेश घातलेली.

चांगल्या वरिष्ठाची परीक्षा म्हणूनच सोपी आहे. तो आठवडाभर रजेवर गेला तर काम थांबते का, हे पाहावे. थांबत असेल, तर त्याने माणसे जमवली आहेत, पण हेतू दिलेला नाही. थांबत नसेल, तर त्याच्या हाताखालच्या प्रत्येकाला आपण काय करतो आहोत आणि कशासाठी, हे ठाऊक आहे. एवढे ज्याने साधले, त्याला हुकूम देण्याची वेळ क्वचितच येते.